तीन खोल्यांच्या आठ कराव्यात का? देवबागमधल्या एका न्याहारी-निवासाचं प्रकरण

मालवणहून तारकर्ली मागे टाकून दक्षिणेला निघालं की रस्ता बारीक होत जातो. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची लांब पट्टी. त्या पट्टीवर देवबाग वसलंय. टोकाला संगम, पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातलं भोगवे. काही घरांच्या पडवीत समुद्राची गाज ऐकू येते आणि मागच्या दारातून नदी दिसते. पर्यटकाला याच गोष्टीची भुरळ पडते आणि इथे घर वाढवायला निघालेल्याला हीच गोष्ट नडते.

हे प्रकरण अशाच एका घराचं आहे. यातलं कुटुंब मी बेतलेलं आहे आणि रकमा हिशेब कळावा म्हणून धरलेल्या आहेत. गाव, किनारा, कायदे आणि अडचणी मात्र तिथल्याच.

घर चिऱ्याचं, कौलारू. पुढे खळं, बाजूला माड, मागे विहीर. भाऊ तीन. थोरला मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेला, धाकटा पुण्यात. मधला गावात राहिला. त्याची फायबरची छोटी होडी आहे, तिला आउटबोर्ड इंजिन, आणि दोन-तीन प्रकारची जाळी. त्याच्या बायकोला सगळी वाडी वैनी म्हणते, आपणही तेच म्हणू. राज्याच्या न्याहारी व निवास योजनेत नोंद करून ती घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देते. मुलगा बावीस वर्षांचा, हंगामात पॅरासेलिंगच्या बोटीवर असतो.

विषय निघाला गणपतीत. कोकणात जमिनीचे, वाटण्यांचे, कर्जाचे विषय गणपतीतच निघतात, कारण सह्या करणारे सगळे तेव्हाच एका छपराखाली असतात. धाकट्याने पुण्याहून आराखडा करून आणला होता: घराच्या कडेला दुमजली बांधकाम, पाच नव्या खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर. थोरल्याचं मत निराळं. त्याच्या ओळखीचा एक व्यावसायिक खळं आणि पुढची माडांची जागा अकरा वर्षांच्या कराराने घ्यायला तयार होता. तिथे तो लाकडी कॉटेज उभारणार आणि घराला दरवर्षी ठरलेली रक्कम देणार. मधला गप्प होता. वैनी चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "घर वाढवतास ता खरा, पण रांधतला कोण?"

त्या वेळी तिन्ही खोल्यांत पाहुणे नव्हते, दीर-जावा आणि त्यांची मुलं होती. हंगामाचं गणित मांडताना लोक हे दिवस हमखास विसरतात.

पाहुणे इथे का येतात

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि कुडाळला उतरून मालवण गाठणं मुंबईकराच्या आवाक्यात आलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. तारकर्लीत पर्यटन महामंडळाचं निवासस्थान होतंच. त्याच्या आजूबाजूने आणि पुढे देवबागपर्यंत घरोघरी खोल्या निघत गेल्या. पुढे स्कूबा आलं, जेट स्की आली, संगमाजवळचं वाळूचं बेट 'त्सुनामी आयलंड' नावाने पाहण्याचं ठिकाण झालं.

याच काळात मासेमारीचं दुसऱ्या बाजूने आक्रसत गेलं. देवबाग-तारकर्लीची किनारपट्टी ही रापणीची. होडीने अर्धगोलाकार जाळं सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांच्या दोन रांगांनी ते ओढत आणायचं. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. तरुण पोरं मुंबई-गोव्याला गेली की दोर ओढायला हात उरत नाहीत. त्यात पर्ससीनच्या, म्हणजे थव्याला वेढून खालून आवळायच्या जाळ्याच्या, मोठ्या नौकांनी बांगड्याचे थवेच्या थवे उचलले, तर किनाऱ्याजवळ यायला उरतं काय, हा इथल्या पारंपरिक मच्छीमाराचा जुना राग. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर हंगामाचे आणि क्षेत्राचे निर्बंध घातले. पुढे प्रकाशझोतातली मासेमारीही बंद ठरली. अंमलबजावणीवरून भांडणं अजून होतात.

म्हणजे वैनीच्या तीन खोल्या हौसेखातर निघालेल्या नाहीत. होडीचं उत्पन्न एका वर्षी बरं, एका वर्षी डिझेलही न निघणारं. खोल्यांनी त्या खड्ड्यात भर घातली. पण होडी आहे म्हणूनच खोल्यांना गिऱ्हाईक आहे, ही दुसरी बाजूही तितकीच खरी. पहाटे होडी लागते, जाळ्यातून मासे सोडवतात, पाहुण्यांची मुलं भोवती उकिडवी बसतात. त्या घरातून होडी गेली, तर उरतात रस्त्याकडेच्या शंभर खोल्यांसारख्या तीन खोल्या.

तीन खोल्यांचा हिशेब

धरून चालू की एक खोली वर्षाला ९० रात्री भरते. दिवाळीची सुट्टी, २० डिसेंबर ते ५ जानेवारी, जोडून येणाऱ्या सुट्ट्या, मधले शनिवार-रविवार आणि एप्रिलच्या मध्यापासून मे अखेर. तीन खोल्यांच्या मिळून २७० रात्री. दर १,८०० रुपये. खोलीभाडं ४,८६,००० रुपये. जेवणाचे, दोन माणसांचे दोन वेळचे मिळून खोलीमागे रोजचे १,४०० धरले तर ३,७८,००० रुपये. एकूण जमा ८,६४,०००.

आता खर्च. मासळी, तांदूळ, नारळ, मसाला यांत जेवणाच्या रकमेतले ५५ टक्के जातात, म्हणजे २,०७,९००. मदतीला वाडीतल्या दोन बाया, हंगामाचे १३० दिवस, रोज ५०० रुपये: १,३०,०००. वीज, गॅस आणि चादरींची धुलाई ९०,०००. निम्म्या खोल्या संकेतस्थळांवरून भरतात, तिथे १५ टक्के दलाली: ३६,४५०. डागडुजी ६०,०००. हा शेवटचा आकडा शहरी माणसाला जास्त वाटेल. त्याने समुद्राकाठी एकदा फ्रिज ठेवून पाहावा. खाऱ्या हवेने खिडकीचे गज, नळ, एसीचं बाहेरचं यंत्र सगळं खात सुटतं.

हाती उरतात ३,३९,६५० रुपये. धाकट्याने गणपतीत हाच आकडा धरला आणि गुणाकार केला: तीन खोल्यांना सव्वातीन-साडेतीन लाख, तर आठ खोल्यांना नऊ लाख.

या जमाखर्चात वैनीची मजुरी कुठेही लिहिलेली नाही. हंगामात ती पहाटे पाचला उठते, रात्री शेवटचं ताट उचलल्यावर पाठ टेकते. दिवसाचे १४ तास, १३० दिवस, म्हणजे १,८२० तास. मदतीच्या बाईला देतो तोच दर, आठ तासांना ५००, लावला तरी १,१३,७५० रुपये होतात. ते वजा केले तर तीन खोल्यांचा खरा नफा सव्वादोन लाखांच्या आसपास. गावातले बहुतेक न्याहारी-निवास फायद्यात दिसतात, कारण घरातल्या बाईचं काम हिशेबात धरलेलंच नसतं. ती आजारी पडली की पहिल्यांदा कळतं.

पाच नव्या खोल्यांचा हिशेब

गुणाकार चुकतो तो रात्रींच्या संख्येत. तीन खोल्या ज्या दिवशी भरतात त्या दिवशी सगळं गावच भरलेलं असतं. फेब्रुवारीतल्या मंगळवारी तीनातल्या दोन रिकाम्या असतात, तेव्हा आठातल्या सात रिकाम्या राहतील. म्हणून नवी खोली ९० रात्री धरता येत नाही. ऐन गर्दीच्या ५० रात्री धरू. पाच खोल्यांच्या २५० रात्री, भाडं ४,५०,०००. जेवणावर खर्च जाऊन उरणारे ४५ टक्के, म्हणजे १,५७,५००. मिळून ६,०७,५००.

आठ खोल्यांचं जेवण एका बाईच्या हाताने होत नाही. हंगामभर पगारी आचारी हवा: आठ महिने, महिना १५,०००, म्हणजे १,२०,०००. जास्तीचे हात ८०,०००, वीज-धुलाई ८०,०००, दलाली ३३,७५०, डागडुजी ५०,०००. उरले २,४३,७५०.

बांधकाम चिऱ्यात केलं तरी पाच खोल्या, पाच न्हाणीघरं, टाकी, वायरिंग धरून २५ लाखांच्या खाली येत नाही असं समजू. ११ टक्के व्याजाने सात वर्षांच्या मुदतीला हप्ता साधारण ४२,८०० रुपये, वर्षाचे ५ लाख १४ हजार. महिला पर्यटन उद्योजकांसाठी राज्याने २०२३ मध्ये आणलेल्या 'आई' धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. पहिल्या वर्षी तो दीड लाखाच्या थोडा वर जाईल. तो संपूर्ण मिळाला असं धरलं तरी चार लाख हातात आणि ५ लाख १४ हजार देणं. सुमारे १ लाख १४ हजारांची तूट जुन्या तीन खोल्यांच्या नफ्यातून भरायची. थोडक्यात, वैनीने आधीइतकं राबून, वर आठ खोल्या सांभाळून, बँकेला द्यायचं.

यात वादळ धरलेलं नाही. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' या किनाऱ्याजवळून गेलं ते ऐन मे महिन्यात, आणि त्या आधीच्या वर्षीचा मे टाळेबंदीने खाल्ला होता. २००९ चं 'फयान' नोव्हेंबरात आलं, २०१९ चं 'क्यार' दिवाळीत. म्हणजे वादळं येतात ती नेमकी पर्यटनाच्या दिवसांत. हप्त्याला वादळ कळत नाही.

सुरमईचा प्रश्न

आकड्यांपेक्षा मला या घराच्या ताटात जास्त रस वाटला. मधल्याच्या जाळ्यात काय लागतं? बांगडा, तारली, पेडवे, कधी मुडदुशे, सौंदाळे. नदीच्या तोंडाशी काळुंदर. भरतीच्या हिशेबाने बायका तिसरे, म्हणजे शिंपले, काढून आणतात. आणि पाहुण्याला काय हवं असतं? "पावण्यांका सुरमईच व्हयी," वैनी म्हणते, "बांगडो वाढलो तर तोंडा वाकडी करतत." मग मधला आपली मासळी मालवणच्या लिलावात देतो, त्याच पैशांत भर घालून तिथूनच सुरमई विकत आणतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या गावाला सुरमई हवी असते, तेव्हा तिचा दर कुठे जातो हे सांगायला नको. स्वतःची होडी असलेलं घर बाजारातून मासे आणून 'ताजी घरची मासळी' म्हणून वाढतं, आणि खर्चाचे ते ५५ टक्के तिथूनच येतात.

ताट बदलणं हा या प्रकरणातला सगळ्यांत स्वस्त उपाय होता आणि गणपतीच्या चर्चेत तो कुणाच्या तोंडी आला नाही. तिरफळं घालून केलेला बांगड्याचा तिखला, तिसऱ्यांचं सुकं, तव्यावर कुरकुरीत केलेले मुडदुशे, सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. हे जेवण पुण्यातल्या हॉटेलात मिळत नाही, सुरमई फ्राय मात्र गल्लोगल्ली मिळते. खोली ठरवतानाच सांगायचं की जाळ्यात जे लागेल ते ताटात येईल, सुरमई हवी तर आदल्या दिवशी सांगावं आणि त्या दिवसाच्या दराने द्यावं. काही पाहुणे जातील. जे राहतील ते दुसऱ्या वर्षी पुन्हा येतात, आणि त्यांना संकेतस्थळाची गरज पडत नाही, थेट फोन लावतात.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'ताजे मासे' मागणाऱ्याला बर्फातला माल मिळतो, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. पावसाळी पाहुण्याला सुक्या बांगड्याची चटणी, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) आमटी, फणसाची भाजी, घावणे, शिरवाळे खायला घालता येतात. गणपतीचे दिवस तर शाकाहारीच. हे आधी सांगितलं तर ते वैशिष्ट्य ठरतं, ताट समोर आल्यावर सांगितलं तर तक्रार होते.

विहीर

वाळूच्या पट्टीवर गोडं पाणी येतं ते पावसाचं. वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण खारं पाणी जड. पट्टी जितकी अरुंद तितका हा गोडा थर पातळ. भूजलशास्त्राचा ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी १ सेंटीमीटर उतरली की खालची खारी हद्द कालांतराने सुमारे ४० सेंटीमीटर वर सरकते. प्रत्यक्षात वाळू कशी आहे, उपसा किती घाईने होतो यावर ते बदलतं, पण दिशा तीच.

पाऊस पडून गेल्यावर भरलेली विहीर ऑक्टोबरात गोड असते आणि पाहुण्यांची मोठी गर्दी येते मे महिन्यात. समुद्रातून आलेला माणूस एकदा अंग धुतो, संध्याकाळी पुन्हा धुतो, बाळाचे कपडे धुतो. ग्रामीण नळयोजना माणशी रोज ५५ लिटर धरतात. पर्यटकाचे १५० धरले तरी कमीच. तीन खोल्यांत सहा माणसं म्हणजे ९०० लिटर, आठ खोल्यांत सोळा माणसं म्हणजे २,४००. पंप जोराचा लावून भराभर उपसलं तर विहिरीखालचं खारं पाणी तिथेच वर ओढलं जातं. चहा मचूळ लागायला लागतो. टँकर मागवता येतो, पण विहीर नासली की शेजाऱ्याचीही नासते, आणि वाडीतली भांडणं तिथून सुरू होतात.

दुसरं, पाच न्हाणीघरांचं सांडपाणी. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब असावा हा नेहमीचा दंडक. वाळूतून पाणी झपाट्याने पाझरतं, त्यामुळे हे अंतर इथे कमीच पडतं. धाकट्याच्या आराखड्यात खोल्या होत्या, बाल्कनी होत्या, रंगसुद्धा होते. शोषखड्डा कुठे येणार ते नव्हतं. कागदावर तो खरोखर आखून पाहिला तेव्हा एकतर आपल्या विहिरीजवळ येत होता किंवा शेजारच्या. माझ्या लेखी आराखडा इथेच निकालात निघाला. बँकेचा हिशेब करायचीसुद्धा गरज नव्हती.

कागद

किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना ग्रामीण किनाऱ्यासाठी दोन भाग करते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर, कमी असेल तिथे २०० मीटर विकासबंदीचा पट्टा. खाडी-नदीच्या बाजूने वेगळा पट्टा. देवबागसारख्या चिंचोळ्या जागी समुद्राकडून आणि नदीकडून असे दोन्ही पट्टे आत येतात आणि मधे उरतं ते थोडंच. मात्र स्थानिकांना, त्यात मच्छीमार आले, आपल्या आहे त्या घरात पाहुणे ठेवायची मुभा याच अधिसूचनेत आहे. अट एवढीच की जोत्याचं क्षेत्रफळ, रचना आणि दर्शनी रूप बदलायचं नाही. वैनीच्या तीन खोल्या या मुभेत सहज बसतात. पाच खोल्यांचं नवं बांधकाम बसत नाही. त्याला वेगळी परवानगी, नकाशावर जागा कुठे पडते याची खात्री आणि मिळेपर्यंत वाट पाहणं आलं. 'सगळेच बांधतात' हे उत्तर गावात नेहमी ऐकू येतं. नोटीस मात्र सगळ्यांना एकदम येत नाही, एकेकाला येते.

मग सातबारा. त्यावर अकरा नावं. तीन भाऊ, दोन आत्या, वारलेल्या काकाची मुलं, त्यांतलं एक बडोद्यात. 'आई' धोरणाचा लाभ बाईच्या मालकीच्या व्यवसायाला मिळतो, आणि जमिनीच्या कागदावर वैनीचं नाव कुठेच नाही. व्यवसायाची नोंद तिच्या नावे करता येते, पण बँक तारण मागणार, तारणाला अकरा सह्या लागणार. कोकणातल्या किती योजना या एका कागदाशी येऊन थांबल्या असतील, देव जाणे.

थोरल्याच्या प्रस्तावाचीही गाठ याच सातबाऱ्याशी. करारावर तीन भावांनी सह्या केल्या आणि उरलेल्या आठांतल्या एकाने हरकत घेतली, तर कॉटेज उभारणारा व्यावसायिक आणि घर दोघं कोर्टात. शिवाय खळं गेलं की होडी ओढून ठेवायची, जाळी सुकवायची, विणायची जागा गेली. समुद्राच्या बाजूने लाटा अडवायला धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड पडले, तिथे होडी लावायची जागा आधीच आकसली आहे. घरापुढची ती मोकळी जमीन रिकामी दिसते म्हणून ती वापरात नाही असं बाहेरच्याला वाटतं. थोरल्यालाही तसंच वाटलं, कारण तो गणपतीत येतो, आणि त्याच दिवसांत होडी वर ओढलेली, जाळी गुंडाळलेली असतात.

काय ठरवावं

माझ्या मते दोन्ही प्रस्ताव सोडावेत. पण ऐन गर्दीच्या ५० रात्री पाहुणे दारातून परत जातात, ही धाकट्याची तक्रार खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. ते उत्तर वाडीतच आहे. वैनीच्या घराच्या हाकेच्या अंतरावर चाकरमान्यांची बंद घरं आहेत. गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूप. डिसेंबरात, दिवाळीनंतर, जानेवारीच्या जोडसुट्ट्यांत त्यांच्या खोल्या मोकळ्या असतात. घर तयार आहे, शोषखड्डा आहे, वीजजोडणी आहे. लागते ती फक्त झाडलोट, चादरी आणि किल्ली सांभाळणारा विश्वासाचा माणूस. खोलीचं भाडं घरमालकाचं, जेवण वैनीकडे, साफसफाईचे पैसे मदतीच्या बाईला थेट. एकच स्वयंपाकघर, तीन-चार घरांतले पाहुणे. न्याहारी-निवासाची नोंद मात्र प्रत्येक घराची स्वतंत्र करावी लागेल, ती टाळू नये. पोलीस ठाण्याला पाहुण्यांची माहिती देण्याचं कामही त्या त्या घराच्या नावे व्हायला हवं.

यातली अडचण मे महिन्याची. पाहुण्यांची सर्वांत मोठी गर्दी तेव्हाच आणि घरमालकही मुलाबाळांसह तेव्हाच. म्हणून मे मध्ये तीनच खोल्या, हे स्वीकारावं लागतं. तसंही मे अखेर विहीर तळाला गेलेली असते. तेव्हा कमी पाहुणे हा तोटा नाहीच.

हात वाढवायचे तर खोल्यांच्या आधी वाढवावेत. मदतीच्या दोन बायांपैकी एकीला पूर्ण हंगामाचा पगार द्यावा आणि तिला स्वयंपाकात घ्यावं. वैनीचा दिवस १४ तासांवरून १० वर आला पाहिजे, हे या व्यवसायाचं पहिलं उद्दिष्ट असावं, आणि ते वहीत लिहिलेलं असावं. तिच्या स्वतःच्या नावे दरमहा रक्कम काढावी. मधल्याला होडीचा मासा घरच्या स्वयंपाकघराला लिलावातल्या त्या दिवसाच्या दराने लिहून द्यायला लावावा. सुरुवातीला हास्यास्पद वाटेल, नवऱ्याने बायकोला मासे विकायचे. पण होडी तोट्यात आहे की खोल्या, हे त्याशिवाय कधीच कळणार नाही.

दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम घेऊ नये. एका रात्रीच्या पाहुण्याने चादरी तेवढ्याच मळतात, पाणी तेवढंच लागतं, आणि तो सकाळी स्कूबाला पळतो. आठवड्याच्या मधल्या दिवसांत दर कमी ठेवावा आणि शांतता हवी असणाऱ्यांना, निवृत्त जोडप्यांना, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना, लहान मुलांच्या आईबापांना बोलवावं. हिवाळ्यात सकाळी नदीमार्गे संगमापर्यंत होडीने फेरी मारता येते, बाहेर समुद्रात डॉल्फिन दिसतात. मात्र मासेमारीच्या होडीत पाहुणे बसवायचे नाहीत. प्रवासी वाहतुकीचा परवाना आणि विमा असलेल्या होडीवाल्याकडेच पाठवायचं, जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय कुणी चढायचं नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. 'आमचाच माणूस आहे, काही होत नाही' हे वाक्य त्यानंतर या किनाऱ्यावर कुणी उच्चारू नये.

मुलाचा प्रश्न या सगळ्यात बाजूला पडतो. त्याला पॅरासेलिंगच्या बोटीवर हंगामात जो पगार मिळतो तो घरातून मिळणार नाही, आणि धाकट्याच्या आराखड्याला त्याचा पाठिंबा होता, कारण आठ खोल्यांचा मालक होणं त्याला कळत होतं. तीन खोल्या आणि शेजाऱ्यांच्या किल्ल्या सांभाळणं त्याला आईचं काम वाटतं. त्याच्याकडे फोनवरची आरक्षणं, दर ठरवणं आणि पैशांचा हिशेब सोपवून, प्रत्येक शेजारी खोलीमागे ठरलेला वाटा द्यावा असं मी सुचवेन. तो टिकेल की नाही, ते दोन हंगामांनी कळेल.

थोरल्यासाठी काम राहतं ते सातबाऱ्याचं. मुंबईत तो मोकळा आहे, आत्यांशी त्याचंच जमतं. वारसांच्या नोंदी पूर्ण करून घ्यायच्या, बडोद्याच्या चुलतभावाशी बोलायचं आणि घर व मागची विहीर एवढा तुकडा तरी मधल्याच्या आणि वैनीच्या नावे स्वतंत्र होतो का ते पाहायचं. पुढच्या गणपतीआधी तलाठ्याकडे अर्ज पडायला हवा. शेजारच्या दोन बंद घरांच्या मालकांना चतुर्थीला भेटून चालणार नाही, त्या दिवसांत कुणी कुणाचं ऐकत नाही. त्यांना दिवाळीच्या महिनाभर आधी मुंबईत गाठायचं, म्हणजे निदान पहिला डिसेंबर हाती लागेल.